आकाशांतील दुर्बिणीची पडताळणी

मालेगांवांत मागावरील कापडाचा ताका मोजतांना गिऱ्हाइकाचा विश्वास मीटरपट्टीवर, किंबहुना पट्टीवरील सरकारी शिक्क्यावर असतो. वजनें-मापें ठराविक मुदतीनें निरीक्षकाकडून पडताळून घ्यावीं लागतात, हें प्रत्येक दुकानदारास ठाऊक आहे. परंतु जें माप पृथ्वीपासून साडेसहाशें किलोमीटर उंचीवर फिरत आहे, तें कोणत्या कचेरींत न्यावें?

भारताची 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आली. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण वातावरणांत शोषले जातात, म्हणून त्यांची दुर्बीण वर धाडणें भाग पडतें. ती जमिनीवर कितीही तपासली, तरी उड्डाणाचे हादरे आणि अवकाशांतील कणांचा अखंड मारा यांनीं तिचे गुण पालटतात. आणि दुरुस्तीस खालीं आणण्याची सोय नाहीं.

यावर पहिला उपाय, दाखल्याचें वजन बरोबरच धाडणें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें केलेल्या दुर्बिणींत कॅमेऱ्याच्या चारही कोपऱ्यांवर किरणोत्सर्गी लोखंडाचे किरण पडतात. त्यांची ऊर्जा ५.९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ही ठरलेली. पावणेतीन वर्षांत हा उगम निम्म्यावर येतो. किरणांची संख्या घटते, पण प्रत्येक किरणाची ऊर्जा पालटत नाहीं. अधिक ऊर्जेच्या किरणांसाठीं जें उपकरण आहे, त्यांत अमेरिशियम वापरलें आहे, आणि तेथील युक्ति मला फारच सुरेख वाटते. अमेरिशियमांतून क्ष-किरणाबरोबर त्याच क्षणीं अल्फा कणहि निघतो. तो निराळा टिपला, कीं सोबतचा किरण घरचा, हें ओळखतां येतें.

दुसरा उपाय आकाशांतील ओळखीच्या ज्योतीचा. वृषभ राशींत 'क्रॅब' नांवाचा तेजोमेघ आहे. इ. स. १०५४ मध्यें चिनी ज्योतिष्यांनीं ज्या ताऱ्याचा स्फोट पाहिला, त्याचे हे अवशेष. क्ष-किरणांचें तेज 'इतके क्रॅब' असेंच मोजण्याचा प्रघात आहे. त्याच्या मध्यभागीं सेकंदास सुमारें तीस फेरे घेणारा तारा असून, त्याच्या ठोक्यांवर उपग्रहाचें घड्याळ लावतां येतें. नाशिकमार्गे पुण्यास जातांना नारायणगांव लागतें. जवळच खोडद येथें तीस अजस्र रेडिओ-दुर्बिणी आहेत. खोडद व उटी येथें टिपलेले त्या ताऱ्याचे रेडिओ-ठोके अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदींशीं ताडून घड्याळाची चूक काढण्यांत आली.

मी शिक्षक असतांना शाळेचें घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावीत असें. एकदा चार मिनिटांचा फरक निघाला, तेव्हां आकाशवाणीच चुकली असेल, अशी शंका माझ्या मनासहि शिवली नाहीं. खगोलज्ञांवर मात्र नेमका तोच प्रसंग आला. २००८ ते २०१० या काळांत क्रॅबचेंच तेज सुमारें सात टक्क्यांनीं उतरलें! एकाच उपग्रहानें हें सांगितलें असतें, तर यंत्र जुनें झालें असें समजून आंकडे 'दुरुस्त' केले गेले असते, आणि खरी घटना त्या दुरुस्तींत कायमची बुडाली असती. चार निरनिराळ्या उपग्रहांनीं तीच घट नोंदविली, म्हणून २०११ मध्यें ती मान्य झाली.

तेव्हांपासून एकाच ज्योतीवर विसंबण्याऐवजीं अनेक दुर्बिणी एकाच वेळीं एका ताऱ्याकडे वळवून त्यांच्या नोंदी ताडण्याकडे अधिक लक्ष दिलें जातें. त्यांतहि एकमत होतेंच असें नाहीं. अमेरिकेची 'चंद्रा' व युरोपची 'एक्सएमएम-न्यूटन' या दोन्ही नामांकित. पण दीर्घिकांच्या समूहांतील अतितप्त वायूचें तपमान चंद्रा अधिक दाखविते, न्यूटन कमी. त्या तपमानावरून समूहाचें वस्तुमान काढतात, आणि त्यावरून विश्वांत एकूण द्रव्य किती, याचा अदमास बांधतात.