कंबरदुखी किती? मोजून पाहा!

"कंबर किती दुखते?" असे विचारले की, "डॉक्टर, फार दुखते हो!" हेच उत्तर मला बहुधा मिळते. पण 'फार' म्हणजे किती? ताप थर्मामीटरने मोजता येतो; कंबरदुखीला तसे यंत्र नाही. एक्स-रेवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. चाळिशीनंतर अनेकांच्या मणक्यांची झीज त्यात दिसते, पण त्रास काहीच नसतो. म्हणून मी विचारतो, दुखण्यामुळे तुमचे कोणते काम अडते?

याच विचाराने इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथे तयार झालेली प्रश्नावली १९८० साली प्रसिद्ध झाली. ती आता मराठीतही आहे. तीत दहा विषय आहेत : वेदनेची तीव्रता, अंघोळ व कपडे घालणे, ओझे उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, वैवाहिक संबंध, लोकांत मिसळणे आणि प्रवास. प्रत्येकाला ० ते ५ गुण. त्रास जास्त, तितके गुण जास्त. बेरजेची दुप्पट म्हणजे टक्केवारी. बेरीज १८ आली, तर ३६ टक्के. २० पर्यंत त्रास सौम्य, २१ ते ४० मध्यम आणि ४१ ते ६० तीव्र समजावा. त्यापुढे रोजचे जगणेच अवघड झालेले असते.

गुण कोठे वाढले, हेही पाहावे. उल्हासनगरात दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्याचे 'बसणे' या विषयात वाढतील, अंबरनाथच्या एमआयडीसीत माल उचलणाऱ्याचे 'ओझे' यात, तर बदलापूरहून लोकलने उभ्याने मुंबई गाठणाऱ्याचे 'उभे राहणे' व 'प्रवास' यांत. टक्केवारी सारखी असली तरी सल्ला वेगळा. पहिल्याने अर्ध्या-अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. दुसऱ्याने गुडघ्यांत वाकून, ओझे अंगाशी धरून उचलावे. तिसऱ्याने शरीराचा भार आलटून पालटून दोन्ही पायांवर घ्यावा.

महिन्याने पुन्हा गुण मोजावेत. ३६ चे २६ झाले तर उपचार लागू पडत आहे. आकडा हलला नाही, तर डॉक्टरांशी पुन्हा बोलावे. तोवर अंथरूण धरून राहू नये; झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातील शक्ती कमी झाली, सोबत ताप आला किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर गुण मोजत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.