मुंढा, मोबाईल आणि चार हजार तास

पहाटे ५.३०

आज नळाला पाणी येणार नाही. इचलकरंजीत पाणी येतं त्या दिवशी पहाट बादल्या, पिंप आणि टाकी यांच्यात जाते. येत नाही त्या दिवशी तास-दीड तास पदरात पडतो. माझं चॅनल अशाच पदरात पडलेल्या तासांवर चाललंय. शिलाईचं दुकान घरातच, पुढच्या खोलीत. चॅनल त्या दुकानाच्या पोटात, आणि दुकान संसाराच्या पोटात.

चहा उकळेपर्यंत वही उघडते. गौरी तोंडावर आल्यात, म्हणून आज खणाचा ब्लाउज: छाती ३६, अस्तरासह. सगळं बोलणं लिहून काढत नाही, पाठ केलेलं बोलणं लगेच ऐकू येतं. फक्त पहिली दोन-तीन वाक्यं लिहिते. "नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात सगळ्या" म्हणेपर्यंत मैत्रीण दुसऱ्या व्हिडिओवर गेलेली असते. म्हणून पहिलं वाक्य हे: "खणाचा पन्हा कमी असतो, म्हणून कात्री लावायच्या आधी काठ कुठं घ्यायचा ते ठरवा." जिला ब्लाउज शिवायचाय ती एवढ्यावर थांबते. जिला नुसतं बघायचंय ती गेली तरी चालेल.

सकाळी ७

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाची शेड आहे. रात्रपाळी संपून दिवसपाळी सुरू होताना माग थोडा वेळ थांबतात. कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवून बोलायचं ते एवढ्या वेळात. हे स्वतः जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात, त्यामुळं शेड कधी थांबणार याचा अंदाज घरातच मिळतो. "आज बीम बदलायचाय, सावकाश बोल," असं म्हणाले की मी खूश.

आज बीम बिम काही नाही. दारातल्या उजेडाकडे तोंड करून उभी राहते. उजेड पाठीमागं घेतला तर चेहरा काळा पडतो, हे शिकायला कुठला कोर्स लागत नाही. कॉलर माइक पदराला लावते. वायरवाला साधाच आहे, पण तोंडापासून वीतभर अंतरावर असला की महाग मोबाईलच्या माइकपेक्षा बरा. नव्यानं सुरू करणाऱ्या बाया मला विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ? मी म्हणते, आहे तो मोबाईल राहू दे, आधी माइक घे. चित्र जरा धूसर असलं तर लोक खपवून घेतात. आवाज खराब असला की निघून जातात.

सकाळी ८ ते १०

डबे, शाळा, भांडी.

सकाळी १०.३०

या वेळेला पूर्वेच्या खिडकीतून टेबलावर सरळ ऊन न येता नुसता उजेड येतो. कटिंगचं शूटिंग हेच. मोबाईल टेबलाच्या वर आडव्या दांड्याला, भिंग खाली. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली बांधलेली, नाहीतर स्टँड पुढं कलतो. मोबाईल फ्लाइट मोडवर. मुंढ्याची म्हणजे काखेची गोलाई काढताना कुणाचा तरी "अस्तर मिळालं का" म्हणून फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं, ते नको.

वरून शूटिंग करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली उजेडाची. टेबलावर पांढरा कागद, त्यावर गडद वांगी रंगाचा खण. हात आत-बाहेर झाला की मोबाईल आपणच चित्र उजळ-काळं करत बसतो. म्हणून स्क्रीनवर खणाच्या जागी बोट दाबून ठेवायचं, उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद होतात. दुसरी दिशेची. मोबाईल उलटा बसला तर बघणारीला कापड समोरच्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं दिसतं, गळा खाली आणि कंबर वर. बघणारी माझ्या जागी उभी आहे असं दिसलं पाहिजे. तिचा उजवा हात तोच माझा उजवा हात.

खण आमच्या गिऱ्हाइकांकडे येतो तो बहुतेक कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. काठ दोन्ही कडांना. बायकांना काठ बाहीला हवा असतो, म्हणून बाह्या आधी कापायच्या आणि उरलेल्यात पाठ आणि पुढचे भाग बसवायचे. बसले नाहीत तर काखेत जोड द्यायचा, हात खाली असला की दिसत नाही.

मग मापं. छाती ३६, तिचा चौथा भाग ९, लूजिंग अर्धा इंच, शिलाईची माया दीड इंच, म्हणजे ११ वर खूण. हे सांगायला सोपं आहे. अडतं ते मुंढ्यापाशी. शिवणकाम मी लग्नाआधीपासून करतेय. पाठीचा मुंढा काढला की पुढचा मुंढा काढताना हात आपोआप अर्धा इंच आत जातो. का जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. ज्या बाईंच्या हाताखाली शिकले त्या "असं घे" म्हणायच्या, मी तसं घ्यायची. कॅमेऱ्यासमोर "असं घ्या" चालत नाही. बघणारीला माझा हात धरता येत नाही, मला तिचा धरता येत नाही. म्हणून अस्तराच्या तुकड्यावर दोन्ही मुंढे सारखे कापून, टाचून, स्वतः घालून बघितलं. हात पुढं केला की काखेपाशी पुढच्या बाजूला कापड गोळा होतं. हात माणसाचा पुढं वाकतो, मागं नाही, म्हणून पुढचा मुंढा खोल. आज ते वाक्य टेबलावर बोटानं दाखवत सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं.

माझं मत विचाराल तर चॅनल काढण्याचं खरं काम हे आहे. हाताला येतं ते तोंडाला यायला लागतं. बाकीचं मोबाईलचं आहे, ते भाचासुद्धा शिकवतो.

दुपारी १२ ते ३

गिऱ्हाइकं. चॅनल आहे म्हणून शिलाई थांबत नाही, घरभाडं तीच भरते. कटोरीचा एक, प्रिन्सेस कटचे दोन, एका साडीला फॉल-पिको. एका वहिनींचा मागच्या वर्षीचा ब्लाउज उसवून सैल करायचा. मायेत कापड आहे म्हणून जमेल. मापं घेताना एक जण म्हणाली, "तुमचा व्हिडिओ बघून मीच शिवणार होते, पण मुंढा आल्यावर तुमच्याकडंच आले." दोन्हीकडून फायदा, तरी मला जरा वाईट वाटलं.

जेवता जेवता कापाकापी. काइनमास्टरमध्ये सकाळचं रेकॉर्डिंग टाकते, इस्त्री, टेप शोधणं, खडू पडणं हे सगळं काढते. शिवण्याची लांब टीप वेगानं पळवते, पण खूण करतानाचा भाग कधी पळवत नाही. खूण करताना बघणारीच्या हातातही खडू असतो.

गाणं लावत नाही. सुरुवातीला भाच्यानं एक गाजलेली लावणी मागं टाकली होती, म्हटलं काढ. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते, आणि व्हिडिओवर हक्क सांगणारा म्हणेल तर त्याच्या जाहिरातीचे पैसे तिकडं जातात. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत सूर आहेत. मी तेही फार वापरत नाही. कात्रीचा आवाज मला पुरे.

दुपारी ३.३०

मागं माग चालू, म्हणून निवेदनाचे तुकडे कपाटात. अक्षरशः. साड्यांच्या कपाटाचं दार उघडून, डोक्यावरून गोधडी घेऊन, आत तोंड घालून बोलते. कापड आवाज खातं. सासूबाईंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्या दारातच थबकल्या. त्यांनी उमेदीची वर्षं कांड्या भरण्यात घालवली, खडखडाटात ओरडून बोलायची सवय. "कपाटाला काय सांगाय लागलीयस ग?" "आई, ३८ छातीचा चौथा भाग." "ते सांगून कपाट काय शिवणार हाय व्हय?"

दुपारी ४.३०

कमेंट. "ताई ३८ ला मुंढा किती घ्यायचा?" "ताई कापड किती लागेल?" (व्हिडिओत सांगितलेलं असतं.) "ताई मागं खडखड काय वाजतंय?" त्याला उत्तर देते, इचलकरंजी आहे. बेळगावची एक, सुरतची एक, दोघी नेमानं लिहितात, आणि उत्तरं मिळाली की फोटो पाठवतात. एक टेलर मास्तर प्रत्येक व्हिडिओखाली त्यांची पद्धत वेगळी असल्याचं कळवतात. ती वेगळीच आहे, आणि वाईट नाही. त्यांची कमेंट मी वर पिन करून ठेवली तेव्हापासून त्यांचा सूर बदललाय.

मग मेल. कुणीतरी "कोलॅबोरेशन"साठी आधी नोंदणी फी मागतंय. जाहिरातदार पैसे देतो, घेत नाही, एवढं लक्षात ठेवलं की असले मेल पुसायला वेळ लागत नाही. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुम्ही मला करा, मी तुम्हाला करते" असं सबस्क्राइबचं वाटप चालतं. ते यूट्यूबच्या नियमात बसत नाही, हे झालंच. पण नियम नसता तरी काय उपयोग? ज्या बाईला शिवणकाम नको ती नाव नोंदवेल आणि एकही व्हिडिओ बघणार नाही.

दोऱ्याच्या रिळांचं एक खोकं मात्र खरंच आलंय, फुकट, "वापरून दाखवा" म्हणून. वापरीन, पण फुकट मिळालंय हे व्हिडिओत सांगून. जाहिरात मंडळ ॲस्कीनं २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये तसं स्पष्ट केलंय: पैसे असोत की भेटवस्तू, बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

संध्याकाळी ६

जाऊबाई आल्या. त्यांचं टिकटॉकवर खातं होतं, गल्लीत कुणाचं नव्हतं एवढं नाव. २९ जून २०२० ला सरकारनं बंदी घातली आणि ते सगळं गेलं. त्यावर त्या अजून हसून बोलतात, पण मी तेव्हाच एक ठरवलं. प्रत्येक व्हिडिओची मूळ प्रत मेमरी कार्डवर आणि गिऱ्हाइकांचे नंबर कागदाच्या वहीत.

जाऊबाई म्हणतात, छोटे व्हिडिओ टाक, पटापट चालतात. टाकते मीही, शॉर्ट्स. काज कसं करायचं एवढंच. पण यूट्यूबचा हिशेब वेगळा आहे. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं लागतं, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सच्या वाटेनं जायचं तर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यू. ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांवर एक अलीकडची पायरी आहे, तिथं प्रेक्षकांनी दिलेले पैसे घेता येतात, जाहिरातीचे नाही. माझे सबस्क्रायबर सहाशेच्या घरात. तास अजून खूप लांब.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एका बाईनं सरासरी चार मिनिटं बघितलं तर ६०,००० वेळा बघितलं जायला हवं. शिवणाच्या व्हिडिओचं एक बरं आहे. बघणारी थांबवते, मागं नेते, कापड पसरते, पुन्हा लावते. विनोदाचा व्हिडिओ एकदा बघून होतो. बाहीचा व्हिडिओ प्रत्येक बाहीला उघडतो.

आणि पैसे सुरू झाले तरी हातात लगेच येत नाहीत. खात्यात १० डॉलर जमले की गुगल पोस्टानं पिन पाठवतं, तो भरला की पत्ता पक्का होतो, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय बँकेत काही येत नाही. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा आपला. तोवर चॅनलची कमाई म्हणजे तयार पेपर कटिंग. मापाप्रमाणे कापून कुरियरनं पाठवते. ती रक्कम लहान आहे, पण आजची आहे.

रात्री ८.३०

पोळ्या झाल्या. शीर्षक. त्याला १०० अक्षरांची मर्यादा, पण मोबाईलवर दिसतात पहिली मोजकीच, म्हणून "खणाचा ब्लाउज कटिंग ३६ साइज" पुढं, बाकी मागं. "अप्रतिम", "सोपी ट्रिक" असलं काही नाही. तसं कुणी शोधत नाही. खाली वेळा लिहिते: ००:०० पासून, बाही, पाठ, मुंढा, गळा. यूट्यूब त्याचे भाग पाडतं, म्हणजे मुंढ्यावर अडलेलीला सगळं पुन्हा बघावं लागत नाही. माझे तास यानं कमी होत असतील. होऊ देत. थंबनेलवर माझा चेहरा नाही, बाहीचा काठ.

रात्री ९.३०

अपलोड लावलाय. यांचा हॉटस्पॉट घेतलाय, माझा आजचा डेटा संपला. आधी प्रायव्हेट ठेवते, तपासणी होऊ देते, मग उद्या दुपारी एकची वेळ लावते. माझ्या बायका तेव्हा मोकळ्या असतात.

तोवर मागच्या व्हिडिओचा आलेख उघडते, कटोरीचा. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, सगळ्यांचीच येते. मग हळूहळू उतरत जाते. पण मुंढ्याच्या जागी ती पुन्हा वर उचलली गेलीय, टेकडीसारखी. तिथं बायकांनी मागं नेऊन पुन्हा बघितलंय. मी तिथं फक्त "असं घ्या" म्हटलं होतं. आजच्या व्हिडिओत कारण सांगितलंय, बघू टेकडी बसते की आणखी वाढते. दोन्हीचा अर्थ लावता येईल. नुसता सबस्क्रायबरचा आकडा बघत बसणाऱ्यांना मी हा आलेख दाखवते. आकडा शाबासकी देतो, आलेख कुठं समजलं नाही ते सांगतो.

अपलोड ७२ टक्क्यांवर. ३८ च्या मुंढ्याची राहिलेली कमेंट लिहितेय, तेवढ्यात सासूबाई माजघरातून:

"झालं का ग तुझं?"

"होतंय आई, थोडं राहिलंय."

"गौरीचा तो वांगी ब्लाउज उद्या सकाळी न्यायला येणार हायेत, हूक लावायचे राहिलेत. ते लाव आधी, मग जगाला शिकीव."

सुईत दोरा त्यांनीच ओवून ठेवलाय.