मोटारीच्या मागच्या एक्सलचे घर बदलताना

मंडळी, बैलगाडीचा आस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आस जागच्या जागी राहतो आणि चाके त्याच्यावर फिरतात. जुन्या मोटारीच्या मागच्या बाजूस प्रकार थोडा निराळा असतो. तिथे बाहेरून दिसते ती मधोमध घागरीसारखी फुगलेली एक पोकळ लोखंडी नळी. ती फिरत नाही; फिरतात ते तिच्या पोटातले दोन दांडे, म्हणजे हाफ-शाफ्ट. या नळीला कारागीर हाउसिंग म्हणतात. आपण तिला एक्सलचे घर म्हणू.

उदाहरणाला अँबॅसडर घ्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या बांधणीवरची ही गाडी बंगालमधल्या उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होत होती. आता ती हौसेने जपायची वस्तू झाली आहे. खड्ड्यात आदळून किंवा बेसुमार ओझे वाहून तिचे घर वाकते, नाहीतर पाट्यांच्या बैठकीजवळ त्याला तडा जातो. तडा वेल्डिंगने भरून काम भागवावे असे वाटते खरे. पण त्या उष्णतेने नळी आणखी वाकू शकते. घर बदललेलेच बरे.

बदली घर बहुधा जुन्या बाजारातलेच मिळते. म्हणून बसवण्याआधी ते लेथवाल्याकडे नेऊन सरळ आहे की नाही, टोकाची बेअरिंगची जागा झिजली आहे का, हे तपासून घ्या. आतला गंज, लोखंडाचा कीस रॉकेलने धुऊन काढा. आणखी एक बारीक गोष्ट. घराच्या वरच्या अंगाला हवा जाण्यासाठी छिद्र असते. गाडी चालली की आतली हवा तापते, फुगते. छिद्र बुजलेले असेल तर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते.

आता काम. पुढच्या चाकांना ठोकळे लावा. गाडी उचलून चेसिसखाली भक्कम घोड्या द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. तेल काढा. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही तबकड्यांवर खूण करा, म्हणजे जोडताना ती जशीच्या तशी जुळेल. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची तार आणि शॉक-अब्जॉर्बर सोडवा. मग चाके व ड्रम काढून हाफ-शाफ्ट बाहेर ओढा. डावा कोणता, उजवा कोणता, हे लिहून ठेवा. मधला डिफरन्शियलचा गोळा अखंड उचलून काढा. क्राऊन आणि पिनियन यांची जुळणी बिघडलेली नसेल तर तिला हात लावू नका. शेवटी यू-बोल्ट सोडले की घर मोकळे होते.

नवे घर चढवताना पाट्याच्या मधल्या बोल्टाचे डोके बैठकीच्या भोकात नेमके बसले पाहिजे. ते हुकले की एक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट आधी हलके आवळा. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर पक्के करा. मग पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. अँबॅसडरचे ते सुमारे २४६४ मिलिमीटर आहे. आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे, की दोन्ही बाजूंचे माप सारखे आले पाहिजे.

सील आणि गॅस्केट मात्र नवीनच घाला. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. झिजलेल्या सीलमधून पाझरलेले तेल ड्रममध्ये उतरते आणि ब्रेकच्या लायनरवर पसरते. मग घाटात उतारावर पाय पेडलवर असतो, आणि ते चाक नीट धरतच नाही. लायनर तेलात भिजले असेल तर पुसून वापरू नका, बदलून टाका.

अखेर ९० नंबरचे हायपॉइड तेल पातळीच्या भोकापर्यंत भरा आणि ब्रेकमधली हवा काढा. रिकाम्या रस्त्यावर सावकाश फेरी मारून परत या, सीलजवळ बोट फिरवून पाहा, यू-बोल्ट पुन्हा आवळा. बोट कोरडे निघाले तरच मुलाबाळांना गाडीत बसवा.