बिनमातीची रोपे

कालिंपाँगकडील रोपवाटिकांतून टपालाने मागविलेले निवडुंग पुण्यात दाखल होतात ते मातीविना, वर्तमानपत्राच्या कागदात एकेक गुंडाळलेले. आणि ज्या वनस्पतीने पाण्याचा साठा आपल्या देहातच करून ठेवला आहे तिला खोक्यातला हा काही दिवसांचा अंधारी मुक्काम सहज मानवत असला, तरी त्याच अंधारात ओल्या मातीने तिचे मूळ कुजण्याचा संभव असल्यामुळे ही तजवीज योग्यच म्हणावी लागते. शिवाय कुंडीत सजवून ठेवलेल्या रोपात ग्राहकाच्या दृष्टीपासून नेमके जे झाकलेले असते, ते येथे प्रथम हाती येते, म्हणून मला ही खरेदी अधिक सचोटीची वाटते.

कागद सोडविल्यावर मुळांची झडती घ्यावी. बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा व त्या रोपास इतरांपासून तत्काळ वेगळे करावे. वाळून पोकळ झालेली मुळे स्वच्छ पात्याने छाटावीत, आणि छेदात तांबूस डाग आढळल्यास निर्मळ गर दिसेपर्यंत कापीत जावे. मात्र युफोर्बिया जातीच्या रोपांचा पांढरा चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक असल्याने तेथे हात जपून चालवावा. नंतर जखमेवर कोरडी त्वचा धरेपर्यंत, म्हणजे साधारणतः आठवडाभर, रोप सावलीत, हवेशीर फळीवर उघडे पडू द्यावे.

पुण्याच्या आसमंतातील काळी माती ओलीने फुगते आणि उन्हाने भेगाळते, सबब ती येथे अगदीच निरुपयोगी. धुऊन बारीक गाळ काढलेली जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे पानांचे मुरलेले खत एवढे मिश्रण पुरे. कुंडी भाजक्या मातीची, रोपाहून बोटभरच रुंद असावी, कारण मोठ्या कुंडीत ओल विनाकारण रेंगाळते. कागदाच्या घडीने काटेरी देह पेलून धरावा, मिश्रणाच्या लहानशा उंचवट्यावर मुळे पसरावीत, आणि खोडाचा हिरवा भाग गाडला जाणार नाही अशा बेताने सभोवती कोरडेच मिश्रण ओतून कुंडी हलकेच आपटावी.

यानंतर पाणी देऊ नये. हाताळताना तुटलेली सूक्ष्म मुळे भरून येण्यास पुन्हा आठवडाभराची मुदत लागते. परंतु नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबामुळे ज्या शहराला निवडुंग देवाच्या नावासकट परिचित आहे, त्या शहरातही, तुळशीला पाणी घालून परतणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तांब्यातले उरलेसुरले पाणी या कुंड्यांत पडू नये म्हणून पहारा करावा लागतो!

लागवडीस माघ-फाल्गुन उत्तम. थंडी ओसरलेली असते, मुळांना उबेची चाहूल लागते, आणि उन्हाची सवय हळूहळू करता येते. शेंड्याशी ताजा हिरवा रंग व नव्या काट्यांची लाली दिसू लागली की मूळ धरले असे समजावे. रोप उपटून खात्री करून घेण्याचा मोह आवरावा. श्रावणात येणारे पार्सल मात्र मी कुंडीच्या हवाली करीत नाही, पाऊस उघडेपर्यंत ती रोपे कोरड्या फळीवरच राहतात.