गाडीच्या काचेचे बटण

पुण्याच्या उत्तरेस असलेले चाकण गाव इतिहासात संग्रामदुर्गामुळे प्रसिद्ध आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने भर पावसाळ्यात हा किल्ला शायिस्तेखानाविरुद्ध निकराने लढविला. आज त्याच चाकणची ओळख मोटारगाड्यांच्या कारखान्यांमुळे होते. जवळच्या पिंपरी-चिंचवड परिसरात १९६६ मध्ये टेल्को कंपनीचा कारखाना आला आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. अशा या भागात गाड्या बनविणारे हात जितके आहेत, तितकेच त्या दुरुस्त करणारे हातही मोलाचे आहेत. त्यांच्या कामातील एक लहानसा पाठ आज आपण पाहू.

पूर्वी गाडीची काच वरखाली करण्यासाठी दाराचा दांडा फिरवावा लागे. आता बोटाने बटण दाबले की काच सरकते. हे कसे घडते? दाराच्या पोकळीत विजेची एक छोटी मोटर असते. बटणाच्या पोटात तांब्याच्या बारीक टिकल्या असतात. बटण एका बाजूस दाबले की त्या परस्परांना टेकतात, मोटरीतून वीज वाहू लागते आणि काच वर जाते. दुसऱ्या बाजूस दाबले की विजेची दिशा उलटते, मोटर उलट फिरते व काच खाली येते.

आता समजा, आषाढातील एखाद्या रात्री काच उघडी राहिली आणि डावीकडील दाराच्या बटणात पावसाचे पाणी शिरले. सकाळी ते बटण चालेना. पाण्याने नेमके काय केले? अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु बटणातील धूळ व क्षार त्यात विरघळले की ते विजेला वाट करून देते. अशा ओल्या टिकल्यांतून वीज खेळत राहिली, तर धातू झपाट्याने झिजतो. पुढे पाणी आटते, पण मागे हिरवट थर राहतो. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे तुम्ही घरी ऐकले असेल. तसाच हा प्रकार. हा थर विजेची वाट अडवितो. म्हणजे पाणी गेले, तरी त्याने केलेली हानी मागे उरते.

म्हणूनच ओले बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहणे, हा सर्वांत वाईट उपाय होय. जाणता कारागीर प्रथम फ्यूज पाहतो. चालकाजवळची बटणे कोरडी असतील, तर तेथून तो तीच काच एकदा हलवून पाहतो. काच हलली, तर मोटर शाबूत आहे व दोष दाराच्या बटणातच आहे, हे सिद्ध होते. न हलली, तरी तो मोटरीला लगेच दोष देत नाही. कारण पुष्कळ गाड्यांत चालकाच्या बटणाची वीजही त्या दाराच्या बटणातूनच मोटरीकडे जाते.

मग तो बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवितो. दारावरील पट्टी हलकेच उचलून बटण बाहेर काढतो व त्याची जोडणी सुटी करतो. बटण उघडून तो टिकल्यांवरील थर आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश यांनी पुसून काढतो. हा द्रव पटकन उडून जातो आणि मागे काही ठेवीत नाही. मात्र तो पेट घेणारा असल्यामुळे जवळपास विस्तव नसावा. पुढे बटण पूर्ण कोरडे होऊ द्यावे लागते. फार गरम हवेचा झोत दिल्यास प्लॅस्टिक वाकते. सारे जागच्या जागी बसवून, बॅटरी जोडून, मगच तो परीक्षा घेतो. टिकल्या झिजून गेल्या असतील, तर मात्र बटण बदलावेच लागते. मुलांनो, हे काम तुम्ही एकट्याने करावयाचे नाही. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून ते नीट पाहावे.

एवढ्याशा बटणासाठी इतकी काळजी कशाला, असे कोणास वाटेल. परंतु पुराच्या पाण्यात गाडी अडकली, तर बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे दार उघडणे कठीण होते. त्या वेळी काच हाच सुटकेचा मार्ग असतो. आणि बटण भिजले, तर तोही बंद होऊ शकतो. म्हणून पाणी वाहत असलेल्या रस्त्यावर गाडी घालूच नये. आणि तरीही गाडी पाण्यात सापडलीच, तर पट्टा सोडून, बटण चालत आहे तोवर काच उघडून, विलंब न लावता बाहेर पडावे.

दुरुस्तीच्या वेळी घाई करू नये आणि संकटाच्या वेळी विलंब करू नये. कोणत्या वेळी काय करावे, हे ज्याला वस्तूची रचना ठाऊक असते, त्यालाच उमगते.