उणे तीस अंशांतील स्पोर्ट्स कार

कॅनडातील विनिपेगमध्ये, जिथे जानेवारीत पारा कित्येकदा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, तिथे स्पोर्ट्स कार सुरू होणे हे तिच्या अश्वशक्तीपेक्षा बॅटरी आणि तेल यांवर अवलंबून असते. उणे १८ अंशांना शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता जवळपास निम्मी होते आणि नेमका त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवण्यास अधिक जोर लागतो. म्हणून ०डब्ल्यू-४० सारखे तेल, ज्यातील ‘०डब्ल्यू’ ही श्रेणी उणे ३५ अंशांना केलेल्या चाचणीवर ठरते, तिथे चैन नसून गरज आहे. त्याला जोड मिळते ती ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिनातील कूलंट विजेवर उबदार ठेवणाऱ्या उपकरणाची. सुरू करण्यापूर्वी तीन-चार तास तो लावला तरी पुरतो. त्यानंतर गाडी जागच्या जागी गुरगुरत ठेवण्यापेक्षा (हा मोह शौकिनांना क्वचितच आवरतो) तेल तापेपर्यंत ती संथ चालवणे श्रेयस्कर. खरा धोका टायरांचा असतो, कारण उन्हाळी टायरांचे रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊन पकड गमावते आणि कडाक्यात त्याला तडेही जाऊ शकतात. हिवाळी टायर नसतील, तर बॅटरीला चार्ज टिकवून ठेवणारा मेंटेनर जोडून गाडी वसंतापर्यंत गॅरेजमध्येच ठेवावी.