हळदीचा डाग

पिंपरीच्या माळावर 1954 साली हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी माझे वडील त्या कारखान्यात नोकरीस लागले. त्यामुळे वनस्पतीचे वा बुरशीचे सत्त्व वेगळे काढणे म्हणजे काय, याचे दोन निरनिराळे पाठ मला एकाच घरात मिळाले. वडील सांगत ते पेनिसिलिनचे: आंबवलेल्या द्रवातून विद्रावकाच्या साहाय्याने नेमके औषध तेवढे ओढून घ्यायचे आणि बाकीचा चोथा टाकून द्यायचा. आईचे शास्त्र याच्या अगदी उलट होते. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून ती हळकुंड उगाळी, आणि जो पिवळा लेप तयार होई त्यातले काहीही टाकण्यासारखे आहे असे तिला कधी वाटले नाही.

दिवाळीच्या आधी चिंचवडगावातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा आणि गव्हला यांच्या पुड्या येत, त्या कुटून वस्त्रगाळ केल्या जात, आणि अभ्यंगाच्या पहाटे त्या उटण्याचा जो खरखरीत, सुगंधी स्पर्श अंगाला होई त्यालाच आमच्या लेखी त्वचेची निगा म्हणत. मामाच्या लग्नात मात्र हळदीचे एक वेगळेच रूप पाहिले. सुवासिनींनी घाणा भरला, जात्यावर हळद दळली, नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे रवाना झाली, आणि त्या गर्दीत माझ्या नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर कोणाची तरी पाची बोटे उमटली. घरी येऊन मी बाहीला साबण चोळला, तो डाग निघण्याऐवजी रक्तासारखा लाल झाला. मी रडवेला झालो, पण आईने सदरा शांतपणे धुऊन, पिळून दोरीवर टाकला आणि म्हणाली, "उन्हात राहू दे, ऊन खाईल त्याला." तिसऱ्या दिवशी बाही पांढरी झाली.

पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली त्या बाहीत होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, ते कर्क्युमिन फोगेल आणि पेलेतिए या रसायनशास्त्रज्ञांनी 1815 मध्ये वेगळे केले आणि 1910 मध्ये त्याची रेणुरचना निश्चित झाली. वाळलेल्या हळकुंडात ते शेकडा तीनच्या आसपास, जातीनुसार थोडे कमी-अधिक असते. पाण्यात ते विरघळत नाही. अल्कोहोलात, ॲसिटोनमध्ये आणि तेलात विरघळते. क्षारात लाल होऊन विघटित होऊ लागते आणि उजेडात फिके पडते. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांचे पुट देऊन कुंकू करणाऱ्यांना आणि साबणाने डाग धुणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे अनुभवाने ठाऊकच होते. हळदीचा अर्क मलमात घालणाऱ्याला मात्र या प्रत्येक गुणाशी झगडावे लागते: मलम अल्कधर्मी होऊन चालत नाही, उजेड आत शिरेल असे वेष्टन चालत नाही, आणि ज्याने ते लावले त्याचा चेहरा पिवळा दिसूनही चालत नाही.

ही कसरत मराठी माणसाने मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली, ही गोष्ट अभिमानाने नोंदवावीशी वाटते. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 साली मुंबईत, परळ भागात, विको कंपनीचा उद्योग आरंभिला. आधी वज्रदंती आली, आणि सत्तरीच्या दशकात, पुत्र गजानन पेंढरकर यांच्या हातून, हळदीचा अर्क आणि चंदनाचे तेल असलेले मलम बाजारात आले. हळद चेहऱ्याला लावून, ती न धुता, शाळेत वा कचेरीत जाता येते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आमच्या वसाहतीतल्या पहिल्या पाळीला निघणाऱ्या बायका ते मलम लावून जात, आणि त्या जवळून गेल्या की चंदनाचा मंद वास मागे राही. सरकारी दप्तरात मात्र याच मलमावरून एक दीर्घ मामला उभा राहिला: हे आयुर्वेदीय औषध की सौंदर्यप्रसाधन? उत्तर कोणते यावर अबकारी कराचा दर अवलंबून असल्याने तो वाद कित्येक वर्षे अनेक न्यायासनांपुढे फिरला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयातही औषधाचाच पक्ष टिकला. ज्या वस्तूचा जखमेवर दाबून धरण्यासाठी आणि नवरीच्या गालाला लावण्यासाठी आपण एकाच डब्यातून उपयोग करीत आलो, तिची एका रकान्यात नोंद करणे किती अवघड, याचा तो खटला पक्का दाखला आहे.

दुसरा खटला सातासमुद्रापार झाला. जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर, याचे पेटंट अमेरिकेत 1995 च्या मार्चमध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. आमच्यापासून फार दूर नसलेल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून नुकतेच दिल्लीस गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने 1996 मध्ये हरकत घेतली, प्राचीन ग्रंथांतील उल्लेख आणि 1953 चा एक भारतीय वैद्यकीय निबंध पुराव्यादाखल सादर केला, आणि 1997 च्या ऑगस्टमध्ये पेटंटमधले दावे फेटाळले गेले. त्या दिवसांत पिंपरी बाजारात भाजी घेतानाही लोक पेटंट हा शब्द उच्चारू लागले होते.

हळदीच्या या कहाणीत सांगलीची आठवण केल्याशिवाय पुढे जाणे मला कृतघ्नपणाचे वाटते. हळद शिजवून, दोन आठवडे उन्हात वाळवून, पिंपात घोळवून चकचकीत केल्यावर हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत वर्षानुवर्षे निर्धास्त ठेवली जाई. वारा कोंडलेल्या पेवात माणूस उतरण्यापूर्वी आधी दिवा सोडून पाहात. 2005 च्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवे निकामी केली. पुढे वायगावच्या हळदीला 2016 मध्ये आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

एवढ्या अवधीत आमचे गाव ओळखू येईनासे झाले. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका, आणि कारखान्यांची रांग भोसरीपासून थेट चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारापलीकडे पोचली. आकुर्डीच्या खंडोबाच्या माळावर भंडारा उधळला जातोच. फक्त तो शुद्ध हळदीचा आहे की रासायनिक रंगाचा, हे आता विचारून घ्यावे लागते. माझी नात रसायनशास्त्र शिकली आहे. तिने एकदा मला कर्क्युमिनवर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणारी, प्रसाधनांत वापरतात ती भुकटी दाखवली. गुण बरेचसे तेच, मात्र रंग जवळजवळ नाही. मी ती बोटावर घेऊन बराच वेळ पाहिली. हे कौशल्य मोठे आहे, आणि वडिलांना त्याचे फार कौतुक वाटले असते. तरी जी हळद अंगावर दिसतच नाही तिला हळद म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

गेल्या वैशाखात नातीचे लग्न झाले. मुलगा चाकणचा. उष्टी हळद मोटारीतून, स्टीलच्या डब्यात आली. ती मिक्सरवर वाटलेली होती, पण ताजी होती. हळद लागल्यावर नात धावत माझ्याकडे आली आणि नमस्काराला वाकताना तिची पाची बोटे माझ्या बाहीवर उमटली. सून साबण घेऊन आली, तेव्हा मी सदरा काढून दिला आणि तो चौथ्या मजल्याच्या गच्चीत, जिथे दुपारपर्यंत ऊन टिकते, तिथे टाकायला सांगितला.